‘वखद तेंच’ (औषध तेच): फोंड्यातील एका जेनेरिक औषध दुकानाचा वर्षभराचा अनुभव

गोव्यातील फोंड्याच्या वरच्या बाजारातून खाली उतरणाऱ्या एका गल्लीत जेनेरिक औषधांचे, म्हणजे नामवंत ब्रँडऐवजी मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या औषधांचे, एक छोटे दुकान आहे. आमच्या घरची महिन्याची औषधे गेले वर्षभर मी बहुतांशी तेथूनच आणतो आहे, आणि शेजारीपाजारी व जुने सहकारी त्याविषयी वरचेवर विचारत असल्यामुळे हा अनुभव एकदा सविस्तर लिहून काढावा असे वाटले. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. लेखात तक्रारीही आहेत, मालक रोज रस्त्यात भेटणारे गृहस्थ आहेत, आणि येथे सांगितलेले बरेचसे गुणदोष अशा प्रकारच्या कोणत्याही दुकानात कमीअधिक प्रमाणात आढळतील. माझ्याविषयी इतकेच सांगणे पुरे की १९९५ ते २०२२ अशी सत्तावीस वर्षे मी एका औषध कारखान्याच्या गोदामात नोकरी केली. त्यामुळे गोळ्यांची स्ट्रिप हातात आली की इतर लोक किंमत पाहतात आणि मी मागची बारीक अक्षरे वाचत बसतो. या सवयीपायी घरात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण या परीक्षणाचा निम्मा मजकूर तिच्यातूनच आला आहे.

दुकान म्हणजे जेमतेम दहा फूट रुंदीचा गाळा. सकाळी नऊला उघडते, दुपारी एकला शटर खाली येते ते चारशिवाय वर जात नाही, आणि रविवारी बंद असते. गोव्यातल्या माणसाला हे सांगायला नको, परंतु बाहेरून येऊन येथे स्थायिक झालेल्यांनी ध्यानात ठेवावे. आत गेल्याबरोबर डोळ्यांत भरते ती मांडणी. नेहमीच्या फार्मसीत खण कंपन्यांप्रमाणे किंवा ब्रँडच्या नावांप्रमाणे लावलेले असतात. येथे प्रत्येक खणावर औषधाचे मूळ नाव चिकटवलेले आहे, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, ॲटॉरव्हास्टॅटिन, पँटोप्राझोल, आणि एकेका खणात तीन-चार निरनिराळ्या कंपन्यांचा माल शेजारीशेजारी नांदत असतो. गल्ल्यावर मालक बसतात आणि औषधे काढून देण्याचे काम शिरोड्याहून येणारी एक तरुण फार्मासिस्ट करते. तिचा नोंदणी दाखला भिंतीवर आहे आणि ती स्वतःही दुकानात हजर असते. दाखला एकाचा आणि काउंटरवर भलताच कोणी, हा प्रकार आपल्याकडे नवा नसल्यामुळे ही गोष्ट आवर्जून नोंदवतो. बिल छापील मिळते आणि त्यावर बॅच नंबर व मुदत दोन्ही असतात.

आता किमतीविषयी. आमच्याकडे ऐंशीला टेकलेली आई मधुमेह आणि रक्तदाबाची रुग्ण आहे, मला स्वतःला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आहे. ब्रँडेड औषधांचे बिल महिन्याला तेवीसशेच्या घरात जात असे, ते आता सातशे ते आठशेच्या दरम्यान येते. हा फरक एवढा मोठा कसा, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि पाठोपाठ ‘मग औषध खरे असेल का’ हा दुसरा प्रश्न येतोच. सिटाग्लिप्टिनचे उदाहरण बोलके आहे. मधुमेहावरच्या या औषधाचे पेटंट २०२२ च्या मध्यास संपले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारी जनऔषधी केंद्रांतून त्याच्या ५० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या. त्या वेळी नामवंत ब्रँडच्या किमती १६२ ते २५८ रुपयांच्या पट्ट्यात होत्या. त्या केंद्रांचा नियमच असा आहे की आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक दर लावायचा नाही. तेव्हा स्वस्ताई ही काही औषधाच्या खोटेपणाची खूण नव्हे. पेटंट संपलेल्या गोळीच्या किमतीत औषधाचा वाटा लहान असतो आणि नावाचा, जाहिरातीचा व वैद्यकीय प्रतिनिधींच्या फेऱ्यांचा वाटा मोठा असतो, एवढेच तिच्यातून दिसते.

आमच्या या खासगी दुकानात मात्र एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकली. दारावर ‘८० टक्क्यांपर्यंत सूट’ असा मोठा फलक आहे आणि बिलातही छापील किंमत, सूट आणि निव्वळ रक्कम असे तीन रकाने येतात. एका स्ट्रिपवर छापील किंमत ११० रुपये होती आणि ती मला २४ रुपयांना मिळाली. ग्राहक खूश होतो, परंतु २४ रुपयांत दुकानदाराचाही नफा सुटत असेल, तर त्या ११० या आकड्याला अर्थ तो काय? या व्यापारात ही रीतच पडून गेली आहे: कंपनी छापील किंमत चढवून ठेवते, माल दुकानदाराला अगदी कमी भावात देते आणि मधल्या पोकळीतून किती सूट द्यायची ते दुकानदाराच्या मर्जीवर सोडते. आमचे मालक त्यातला मोठा हिस्सा ग्राहकाला देतात, याबद्दल त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे; पण हेच औषध छापील किमतीला विकणारा दुसरा कोणी कायद्याच्या कचाट्यात सापडत नाही, हेही तितकेच खरे आहे. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण कमाल मर्यादा घालून देते. यादीबाहेरच्या औषधांची किंमत वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा असते आणि मुळात ती किती ठेवावी याला लगाम नसतो.

या दुकानात जाण्यापूर्वी करावयाचे एक काम आहे. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल तर त्याऐवजी दुसरे औषध, त्यातले द्रव्य अगदी तेच असले तरी, दुकानदाराने परस्पर देऊ नये, असा औषध नियमांतील ६५ व्या नियमाचा दंडक आहे. जेनेरिक दुकानांचा निम्मा व्यवहार या नियमाकडे काणाडोळा करूनच चालतो. आमची फार्मासिस्ट मात्र पहिल्या खेपेला अडून बसली आणि ‘काका, डॉक्टरांकडून मूळ नाव लिहून आणा’ असे तिने स्वच्छ सांगितले. मला तेव्हा राग आला होता. डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात चिठ्ठी बदलून दिली. हा प्रश्न आजचा नाही. औषध उद्योगाचा विचार करण्यासाठी सरकारने नेमलेल्या हाथी समितीने १९७५ मध्येच ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकावीत असे सुचवले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांना मूळ नावे लिहिण्याचे बंधन घातले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले.

मुख्य तक्रार पुढची आहे. वर्षभरात आईच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या आल्या. पहिल्या पांढऱ्या व लांबट, दुसऱ्या थोड्या आखूड व जाड, तिसऱ्या पुन्हा लांबट पण मध्ये रेघ असलेल्या. प्रत्येक वेळी विचारल्यावर काउंटरवरून एकच उत्तर आले: ‘काका, कंपनी बदलल्या, वखद तेंच.’ औषधशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण ऐंशीच्या बाईला औषध म्हणजे रंग, आकार आणि डब्याचा कप्पा. गोळी बदलली की तिला वाटते आजार वाढला, किंवा मुलाने काहीतरी चुकीचे आणले. आणि एकदा खरोखरच चुकीचे आले. ऑगस्टमध्ये साध्या टेल्मिसार्टनऐवजी लघवीचे प्रमाण वाढवणारे दुसरे द्रव्य मिसळलेली टेल्मिसार्टनची स्ट्रिप पुडीत आली. दोन्ही स्ट्रिपांची निळी पट्टी, अक्षरांचे वळण आणि कंपनीही एकच होती. फरक होता तो नावापुढच्या एका अक्षराचा. गोदामातल्या सवयीमुळे घरी आल्यावर ती माझ्या लक्षात आली आणि आईच्या पोटात गेली नाही. मालकांनी निमूटपणे बदलून दिली, दिलगिरीही व्यक्त केली. तथापि दोन सारख्या दिसणाऱ्या स्ट्रिपा त्यानंतरही कित्येक दिवस त्याच खणात एकमेकींना चिकटून पडलेल्या मी पाहिल्या. आमच्या कारखान्यात सारख्या दिसणाऱ्या दोन मालांना शेजारी ठेवले तर त्या दिवशी कोणाची तरी खरडपट्टी निघत असे.

त्या तीन मेटफॉर्मिनांच्या पाठी वाचल्या तेव्हा एक हिमाचलातील बद्दीत बनलेली निघाली, एक हरिद्वारला आणि एक चक्क आपल्या वेर्ण्यात. फोंड्याहून वेर्णा पंचवीसेक किलोमीटर असेल. ही गोळी तेथून निघून कोणत्या तरी बाहेरच्या कंपनीच्या नावाने, तिच्या वितरकाच्या गोदामातून फिरून पुन्हा आमच्या गल्लीत आली होती. गोव्यात औषधे बनतात हे येथल्या माणसाला ठाऊक असते, कारण प्रत्येक वाड्यावरून कोणी ना कोणी सकाळच्या शिफ्टच्या बसमध्ये चढत असतो. वेर्णा, पिळर्ण, कोलवाळ, कुंडई, मडकई. सिप्ला, ल्युपिन, इंडोको, युनिकेम, ग्लेनमार्क ही नावे आपल्या कानांवरची आहेत. १९९० च्या दशकात करसवलतींमुळे हे कारखाने येथे आले, आणि पुढे २००३ नंतर हिमाचलला अबकारी सवलती मिळाल्या तेव्हा नव्या कारखान्यांचा ओघ बद्दीकडे वळला. मी ज्या नोकरीवर घर चालवले ती याच लाटेची देणगी.

परंतु ‘वेर्ण्यात बनलेली’ या शब्दांचा अर्थ नेमका किती, हे गोदामात काम केलेल्यालाच कळते. आमच्या दारात ट्रक लागत असे, त्यातून २५ किलोचे पिंप उतरत. पिंपाला प्लास्टिकचे सील, आत दुहेरी पॉलिथिनची पिशवी आणि तिच्यात पांढरी भुकटी. आम्ही त्यावर पिवळे लेबल लावायचो, म्हणजे तपासणी बाकी आहे; प्रयोगशाळेतून निकाल आला की हिरवे. मेटफॉर्मिनच्या एका पिंपातून ५०० मिलिग्रॅमच्या पन्नास हजार गोळ्या होतात. टेल्मिसार्टन ४० चे गणित केले तर एकाच पिंपात सव्वासहा लाख गोळ्या बसतात, म्हणजे एका माणसाच्या सतराशे वर्षांच्या. ती भुकटी हेच औषध. कारखान्यात तिच्यात स्टार्च, सेल्युलोज वगैरे मिसळून, दाणे पाडून, दाबून, लेप चढवून स्ट्रिपमध्ये बसवतात, आणि हे काम कौशल्याचे आहे यात शंका नाही. पण पिंपाच्या लेबलावरचा पत्ता वेर्ण्याचा नसे. कधी तो पाताळगंगा, तारापूर किंवा अंकलेश्वरचा असे, आणि अनेकदा झेजियांग, हेबेई किंवा शांदोंग या चिनी प्रांतांतला.

आमच्या दुकानात, किंवा कोणत्याही दुकानात, हा पत्ता कळण्याची सोय नाही. स्ट्रिपवर गोळी बनवणाऱ्याचे नाव, परवाना क्रमांक, बॅच, तारखा आणि किंमत छापणे बंधनकारक आहे. आतले मूळ द्रव्य कोठून आले हे छापणे बंधनकारक नाही. मूळ द्रव्याच्या पिंपांवर क्यूआर कोड हवा असा नियम २०२३ पासून लागू झाला, आणि २०२३ च्याच ऑगस्टपासून खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनांवरही कोड आला. पण पहिला कोड गोदामाच्या दारातच थांबतो आणि दुसऱ्यात गोळीच्या कारखान्यापलीकडची माहिती नसते. एकदा मी मालकांना सहज विचारले की तुमच्या खणातल्या किती औषधांचे द्रव्य आयात झालेले असेल. ते म्हणाले, ‘आमच्याकडे सगळा माल भारतीयच आहे.’ त्यांनी खोटे सांगितले नाही, त्यांना तेवढेच दिसते.

देशाच्या पातळीवरचे चित्र असे आहे की भारत तयार औषधे जगाला विकतो, २०२४-२५ मध्ये औषधांची निर्यात ३० अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि त्याच वेळी आयात होणाऱ्या मूळ द्रव्यांपैकी व मधल्या रसायनांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक माल एकट्या चीनकडून घेतो. मेटफॉर्मिनच घ्या. ते भारतात मोठ्या प्रमाणावर बनते, म्हणजे आमच्या पिंपावर कधी भारतीय पत्ता असेही. पण ते ज्या डायसायनडायअमाइडपासून बनते ते रसायन चीनहून येते. पॅरासिटामॉलची तीच गत, त्याच्यामागे पॅरा-अमिनोफिनॉल आहे. एका पायरीवर स्वदेशी दिसलेली वस्तू खालच्या पायरीवर आयातीची निघते.

हे नेहमीच असे नव्हते. पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली, तेव्हा पेनिसिलिन देशात बनू लागले. १९६१ मध्ये आयडीपीएल (इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स) ही दुसरी सरकारी कंपनी आली, तिचे हृषीकेश आणि हैदराबादचे कारखाने सोव्हिएत मदतीने उभारले गेले. आणि १९७० च्या पेटंट कायद्याने, जो १९७२ पासून अमलात आला, औषधाच्या पदार्थाला पेटंट देणे बंद केले व केवळ प्रक्रियेला दिले; दुसऱ्या वाटेने तेच औषध बनवण्याची मोकळीक मिळाली आणि आज आमच्या गल्लीतल्या खणांत जे काही आहे त्यातले बहुतेक त्या मोकळिकीत शिकलेल्या रसायनशास्त्रज्ञांचे देणे आहे. पदार्थाचे पेटंट २००५ पासून परत आले. त्याआधीच, १९९१ नंतर आयात सैल झाली तेव्हा, किण्वनाने, म्हणजे टाक्यांत सूक्ष्मजीव वाढवून, बनणाऱ्या औषधांत आपला पराभव सुरू झाला होता. पेनिसिलिन-जी बनवायला प्रचंड टाक्या, अखंड वीज आणि स्वस्त साखर लागते. चीनने ते एवढ्या मोठ्या प्रमाणावर व एवढ्या कमी भावात केले की आपले कारखाने एकेक करून बंद पडले. घशाच्या संसर्गावर आपण ॲमॉक्सिसिलिनची कॅप्सूल घेतो तिची वाट पेनिसिलिन-जी, मग ६-एपीए हे मधले रसायन आणि मग ॲमॉक्सिसिलिन अशी असते. या वाटेचा उगम देशाबाहेर गेला आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागला नाही, कारण कॅप्सूल स्वस्तच राहिली.

मला तो पत्ता २०२० मध्ये लागला. चिनी नववर्षाला तिकडचे कारखाने काही आठवडे बंद असतात म्हणून जानेवारीआधी दोन-तीन महिन्यांचा माल भरून ठेवण्याची आमच्या गोदामाची रीत होती. त्या वर्षी सुट्टी संपूनही कारखाने उघडले नाहीत. फेब्रुवारीत गोदामातल्या रॅकचे खालचे दोन थर रिकामे झाले आणि खरेदी विभागातले लोक दिवसातून तीनदा येऊन पिंप मोजू लागले. ३ मार्चला सरकारने पॅरासिटामॉलसह २६ मूळ द्रव्ये व औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. जूनमध्ये गलवाननंतर चिनी माल बंदरांत अडकला तेव्हा पुन्हा तीच कथा. आमचा कारखाना एकही दिवस बंद पडला नाही, पण एका औषधाचे शेवटचे चार पिंप पिवळ्या लेबलाखाली असताना प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून हिरव्या लेबलाची वाट पाहणारा उत्पादन व्यवस्थापक मी पाहिला आहे.

त्याच वर्षी केंद्र सरकारने मूळ द्रव्यांच्या देशी उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. तिच्या ४१ पदार्थांच्या यादीत पेनिसिलिन-जी, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, पॅरा-अमिनोफिनॉल आणि वर सांगितलेले डायसायनडायअमाइड ही सगळी मंडळी आहेत. २०२४ मध्ये आंध्रातील काकीनाडाला पेनिसिलिन-जीचे आणि हिमाचलातील नालागढला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचे उत्पादन सुरू झाले. गुजरात, हिमाचल आणि आंध्रात बल्क ड्रग पार्क, म्हणजे मूळ द्रव्यांच्या कारखान्यांची संकुले, मंजूर आहेत. माझे मत विचाराल तर योजनेची दिशा योग्य आहे, पण खरी परीक्षा भावाची आहे. देशी कारखाना उभा राहिला की समोरचा चिनी उत्पादक भाव पाडतो, आणि आमच्यासारख्या गोदामांच्या खरेदी विभागाला किलोमागे वाचणारे वीस रुपये दिसतात. त्यांना दोष तरी कसा द्यावा? दोन रुपयांची गोळी दीड रुपयाला मिळाली म्हणून मीही या दुकानात आलो आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये किंमत प्राधिकरणाने बेंझिल पेनिसिलिन, साल्ब्युटामॉल अशा आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या, कारण त्या भावात बनवणे परवडत नाही असे उत्पादकांचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांत महागाईची ओरड झाली. मला वाटले, बाजारातून औषधच नाहीसे होण्यापेक्षा हे बरे.

आणि गोव्यापुरते बोलायचे तर आपले हात फारसे स्वच्छ नाहीत, किंवा खरे म्हणजे ते स्वच्छ राहावेत हीच आपली अट आहे. मूळ द्रव्याचा कारखाना म्हणजे द्रावके, दर्प आणि सांडपाणी. मी नोकरीला लागलो त्याच सुमारास फोंडा तालुक्यातील केरीचा नायलॉन ६,६ प्रकल्प लोकांनी परतवून लावला होता, आणि आमच्या घरातलेही त्या मोर्च्यांत होते. मला आजही तो निर्णय चुकला असे वाटत नाही. पण त्यामुळे आपल्याकडे गोळ्या दाबायचे काम आले आणि भुकटी दुसऱ्यांच्या नदीकाठी बनत राहिली. चीनने २०१७ च्या सुमारास प्रदूषणाविरुद्ध कडक मोहीम काढून कारखाने बंद केले तेव्हा आमच्याकडे पिंपांचे भाव चढले, आणि कोणाच्या तरी घाणीवर आपली स्वस्ताई उभी होती हे मला तेव्हा उमगले.

पुन्हा दुकानाकडे येतो, कारण गुणवत्तेविषयी एक प्रसंग सांगायचा राहिला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या भागात रात्रभर वीज नव्हती. सकाळी शेजाऱ्यांसाठी इन्शुलिनची बाटली आणायला गेलो, तर फार्मासिस्टने फ्रिज उघडून आतला थर्मामीटर मला दाखवला. पारा ११ अंशांवर होता. इन्शुलिनला २ ते ८ लागतात. इन्व्हर्टर रात्रीतून संपला होता. तिने विकायला नकार दिला, सगळ्या बाटल्या बाजूला काढून वहीत नोंद केली आणि मला उपजिल्हा इस्पितळाच्या दिशेच्या दुसऱ्या फार्मसीत पाठवले. मालकांचा चेहरा उतरला होता, नुकसान त्यांचे होते, पण ते मध्ये पडले नाहीत. वर्षभरात या दुकानाविषयी माझा विश्वास कशाने बसला असेल तर तो ८० टक्क्यांच्या फलकाने नव्हे, त्या ११ अंशांनी.

म्हणून मी तेथून मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि आम्लपित्ताची रोजची औषधे निर्धास्तपणे घेतो. पत्नीची थायरॉइडची गोळी घेत नाही, कारण त्या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि दर महिन्याला कंपनी बदलणे तिथे चालत नाही. फेफऱ्याच्या औषधांनाही मी हाच नियम लावीन. प्रतिजैविके घाईच्या वेळी लागतात आणि येथे ती नेमकी संपलेली असतात, तेव्हा त्यासाठी दुसरी फार्मसी गाठावी लागते. महिन्याची यादी दोन दिवस आधी देऊन ठेवली तर बहुतेक सर्व मिळते, आयत्या वेळी गेले तर दोनदा तरी हेलपाटा पडतो. चिठ्ठीची झेरॉक्स जवळ ठेवावी. बिल मागावे लागत नाही, पण घरी आल्यावर ते स्ट्रिपांशी ताडून पाहावे.

ऑगस्टच्या त्या घोटाळ्यानंतर मी फार्मासिस्टला एक विनंती केली होती. या महिन्यात आईच्या औषधांची पुडी आली तेव्हा मेटफॉर्मिनच्या कागदी पाकिटावर जाड मार्करने, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या मराठी अक्षरांत, ‘कंपनी बदलली आहे, गोळी साखरेचीच’ असे लिहिलेले होते. आईने ते मोठ्याने वाचले, गोळी उलटसुलट करून पाहिली आणि कुठली कंपनी म्हणून विचारले. मी स्ट्रिपची पाठ वाचून सांगितले: वेर्ण्याची.